टिकल इंटरप्रिटर: कमांडच्या निकालाची स्ट्रिंग नक्की कोणाच्या मालकीची?

भोसरीचा_फिटर

नमस्कार मंडळी. विषय कोपऱ्यातला आहे, पण इथे चिप डिझाइनवाले आणि ऑटोमेशनवाले बरेच दिसतात म्हणून विचारतो.

भोसरी एमआयडीसीतल्या एका कारखान्यातल्या टेस्ट बेंचचं सॉफ्टवेअर माझ्याकडे आलं आहे. व्हॉल्व्हला दाब द्यायचा आणि गळती मोजायची, एवढंच काम. मूळ प्रोग्राम सी मध्ये, त्यात टिकल (Tcl) या स्क्रिप्टच्या भाषेचा ८.६ चा इंटरप्रिटर, म्हणजे स्क्रिप्ट वाचून चालवणारा भाग, एम्बेड केलेला. दाब वाचणे, सोलेनॉइड उघडणे वगैरे कमांड सी मध्ये आहेत आणि प्रत्येक मॉडेलच्या चाचणीची स्क्रिप्ट टिकलमध्ये. लिहिणारे लोक कधीच दुसरीकडे गेले.

तक्रारी दोन. एक, दाब वाचायची कमांड बहुतेक वेळा नीट आकडा देते, पण मधूनच आकड्यामागे कचरा येतो. डीबग बिल्डमध्ये हे कधीच होत नाही. दोन, ऑपरेटरसाठीचे संदेश इंग्रजीतून मराठीत केल्यापासून प्रोग्राम अधूनमधून सरळ झोपतो, म्हणजे क्रॅश होतो.

कोडमध्ये निकाल परत करायच्या तीन तऱ्हा आहेत. कुठे सेटरिझल्ट (निकाल इंटरप्रिटरला देणारं फंक्शन) स्टॅटिक लावून, कुठे व्होलाटाइल लावून, आणि काही ठिकाणी इंटरप्रिटरच्या रिझल्ट फील्डमध्ये थेट स्प्रिंटएफ (लांबी न तपासता मजकूर भरणारं सी चं फंक्शन). (फंक्शनच्या नावाआधीचं टीसीएल_ गाळतोय, सगळ्यांना कळेल.) माझा प्रश्न: डोळे मिटून सगळीकडे व्होलाटाइल करू, की सगळं ऑब्जेक्टवर (टिकलचा मूल्य ठेवायचा स्वतःचा प्रकार) नेऊ? लाइन फक्त गुरुवारी बंद असते, त्यामुळे मोठी उलथापालथ परवडणार नाही.

अर्धविराम

कचरा येतो त्या कमांडचा कोड द्या. कोडशिवाय निदान म्हणजे फोनवरून नाडी बघणं.

पेशवेपार्क

कोड न बघताही सांगतो. फंक्शनच्या आत लोकल कॅरेक्टर ॲरे (फंक्शन संपलं की जाणारी तात्पुरती जागा) असणार, त्यात आकडा छापला असणार आणि सेटरिझल्टला तोच ॲरे स्टॅटिक म्हणून दिला असणार.

सेटरिझल्टचा तिसरा पॅरामीटर म्हणजे तुम्ही इंटरप्रिटरला दिलेलं वचन आहे. स्टॅटिक म्हणजे 'ही स्ट्रिंग हलणार नाही, पुसली जाणार नाही, तू फक्त पत्ता लक्षात ठेव'. व्होलाटाइल म्हणजे 'माझा भरवसा नाही, आत्ताच कॉपी करून घे'. डायनॅमिक म्हणजे 'ही मी टिकलच्या ॲलोकेटरकडून (मेमरी वाटणाऱ्याकडून) घेतली आहे, आता तुझी, काम झालं की तूच सोड'. चौथी सोय म्हणजे सोडायचं काम करणारं स्वतःचं फंक्शन देणं. लोकल ॲरे स्टॅटिक म्हणून देणं म्हणजे पीएमटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरायची आणि बस डेपोत गेल्यावर त्या जागेवर हक्क सांगायचा.

माझं मत: व्होलाटाइल सगळीकडे करा आणि झोपा. शंभर बाइटच्या कॉपीने कुठलाही टेस्ट बेंच मंदावत नाही.

चहाबाज

रुमालाला +१. बाकी काही कळलं नाही, पण धागा वाचणार.

भोसरीचा_फिटर

पेशवेपार्क, अगदी तसंच निघालं. चौसष्ट बाइटचा लोकल ॲरे, त्यात स्प्रिंटएफ, मग सेटरिझल्ट स्टॅटिक, मग रिटर्न ओके. पण मग हे वर्षानुवर्षं चाललं कसं? आणि डीबगमध्ये आजही चालतं ते का?

मृगजळ

मी चिप डिझाइनच्या टूल्सवर काम करते, तिथे सगळीकडे टिकलच आहे, म्हणून लिहिते.

चाललं, कारण ८.६ चा इंटरप्रिटर तुमचं फंक्शन परतल्याबरोबर बघतो की जुन्या पद्धतीची स्ट्रिंग भरली आहे का. भरली असेल तर ती तिथल्या तिथे रिझल्ट ऑब्जेक्टमध्ये कॉपी करून टाकतो. म्हणजे तुमचा पत्ता फारच थोडा वेळ वापरात राहतो. तेवढ्या वेळात स्टॅकच्या (फंक्शनांच्या तात्पुरत्या जागेच्या) त्या भागावर दुसऱ्या कुठल्या फंक्शनने लिहिलं नाही, तर आकडा शाबूत. लिहिलं, तर शेपटीला कचरा. ऑप्टिमायझेशन चालू केलं की कंपायलर स्टॅकची मांडणी बदलतो, फंक्शनं एकमेकांत मिसळतो, आणि नशीब फिरतं. डीबग बिल्ड 'बरोबर' नाहीये, फक्त तिथे कोणी त्या जागेवर पाय दिलेला नाही.

पेशवेपार्कांशी असहमत. व्होलाटाइल सगळीकडे करून कचरा जाईल, पण पुढच्या माणसाला तोच गुंता मिळेल. ८.० पासून, म्हणजे १९९७ पासून, टिकलमध्ये प्रत्येक मूल्य ऑब्जेक्ट आहे. तुमच्याकडे दाबाचा दशांश आकडा आहे, तो तुम्ही स्ट्रिंग करता, स्क्रिप्टमध्ये त्याची तुलना करायची वेळ आली की इंटरप्रिटर परत आकडा करतो. त्यापेक्षा न्यूडबलऑब्जने आकड्याचा ऑब्जेक्ट करून सेटऑब्जरिझल्टला द्या. कॉपीचा प्रश्न नाही, मालकीचा प्रश्न नाही, वर छपाईत दशांश स्थळं गळायचा प्रश्नही नाही.

पेशवेपार्क

मालकीचा प्रश्न नाही म्हणता? रेफरन्स काउंट (ऑब्जेक्ट किती जण वापरतायत तो आकडा, कमी होऊन शून्यावर आला की ऑब्जेक्ट सोडला जातो) कोण सांभाळणार? ज्यांना तीन शब्दांतला फरक जपता आला नाही, त्यांच्या हातात तुम्ही इन्क्र आणि डिक्र (तो आकडा वाढवणं आणि कमी करणं) देताय.

मृगजळ

निकाल परत करण्यासाठी दोन्हींची गरजच नाही. नवीन ऑब्जेक्ट शून्य काउंट घेऊन जन्मतो, सेटऑब्जरिझल्ट तो एकने वाढवतो आणि आधीच्या निकालाचा एकने कमी करतो. तुम्ही ऑब्जेक्ट बनवा, द्या, विसरा. हात लावायचा मोह झाला की घोटाळा होतो.

लुआप्रेमी

एवढ्या कटकटीपेक्षा लुआ (अशीच एम्बेड करायची दुसरी भाषा) घाला. निकाल स्टॅकवर ढकलायचा, किती ढकलले तो आकडा रिटर्न करायचा, संपलं. पुशस्ट्रिंग स्वतःची कॉपी करते, स्टॅटिक-व्होलाटाइल भानगड नाही.

अर्धविराम

आणि त्या सगळ्या चाचणी स्क्रिप्ट पुन्हा कोण लिहिणार? गुरुवारी गुरुवारी तुम्ही येणार का भोसरीला? शिवाय लुआतही टूस्ट्रिंगने मिळालेला पत्ता ती स्ट्रिंग स्टॅकवर आहे तोवरच भरवशाचा. म्हणजे आयुष्याचा हिशेब तिथेही आहेच, फक्त दुसऱ्या टोकाला.

लुआप्रेमी

सूचना होती हो, फतवा नव्हता.

खडकीचा_वाचक

अवांतर: स्टॅटिक, कॉपी की सोडणारं फंक्शन हा प्रकार वाचून एसक्यूलाइट हा छोटा डेटाबेस आठवला. तिथे सी मधून बनवलेल्या फंक्शनचा निकाल देताना रिझल्टटेक्स्टला शेवटी हेच सांगावं लागतं: स्टॅटिक, ट्रान्झियंट, किंवा डिस्ट्रक्टर फंक्शन. योगायोग नाही, एसक्यूलाइटची सुरुवातच टिकलचं एक्स्टेन्शन म्हणून झाली. तुमच्या खिशातल्या फोनमध्ये ही पद्धत रोज चालू आहे.

आणखी अवांतर: ऑस्टरहाउट यांनी बर्कलेला टिकल लिहायला घेतलं ते १९८८ मध्ये. आपलं सी-डॅक पुण्यात सुरू झालं ते वर्षही तेच.

चहाबाज

अशी माहिती मला जेवणाच्या टेबलावर टाकायला फार उपयोगी पडते. घरचे उठून जातात ती गोष्ट वेगळी.

रेघोट्या

मूळ प्रश्नातल्या दुसऱ्या तक्रारीकडे कोणीच बघितलं नाही. मराठी संदेश घातल्यापासून झोपतो, हे वाक्य मला फार महत्त्वाचं वाटतं.

रिझल्ट फील्डमध्ये थेट स्प्रिंटएफ करायची जुनी सवय का होती? कारण इंटरप्रिटरच्या संरचनेतच छोट्या निकालांसाठी २०० कॅरेक्टरची तयार जागा असते आणि ते फील्ड सुरुवातीला त्या जागेकडे बोट दाखवतं. मेमरी मागायची गरज नाही, झटपट काम. 'गळती मर्यादेबाहेर, व्हॉल्व्ह बदला' छापाचा इंग्रजी संदेश त्यात आरामात बसायचा.

आता देवनागरी. टिकलच्या आत स्ट्रिंग यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं बाइटमध्ये लिहायची एक पद्धत) असते आणि आपलं प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातं. चिन्ह म्हणजे अक्षर नव्हे: मात्रा, हलंत, अनुस्वार सगळे वेगळे मोजायचे. 'क्षेत्र' या शब्दात सात चिन्हं, म्हणजे २१ बाइट. ६६ चिन्हं भरली की १९८ बाइट झाले. एक साधं मराठी वाक्य, त्यात व्हॉल्व्हचा नंबर आणि दाब घातला की २०० ची वेस ओलांडली. पुढचे बाइट इंटरप्रिटरच्या संरचनेतल्या बाकीच्या फील्डवर जाऊन पडतात. लगेच मरेलच असं नाही, ती फील्ड वापरायची वेळ आली की मरतो. म्हणून 'अधूनमधून'.

भोसरीचा_फिटर

बापरे. झोपतो तो नेहमी लांब संदेशानंतर, हे ऑपरेटर मला सांगत होता आणि मी त्याला सेन्सरची वायर तपासायला सांगत होतो. 'दाब स्थिर होईपर्यंत थांबा, क्लॅम्प उघडू नका' असा शेवट असलेला एक लांबलचक संदेश आहे, त्याच्यानंतरच जातो.

मग स्प्रिंटएफच्या जागी एसएनप्रिंटएफ २०० (तेच काम, पण २०० बाइटवर थांबणारं) लावला तर?

रेघोट्या

क्रॅश थांबेल, पण संदेश तीन बाइटच्या मध्येच तुटेल आणि शेवटी चौकोन किंवा भलतंच अक्षर दिसेल. आणि 'क्लॅम्प उघडू नका' मधलं 'नका' कापलं गेलं तर काय होईल त्याचा विचार करा.

मृगजळ

बरोबर. ८.५ पासून ऑब्जप्रिंटएफ आहे. फॉरमॅट द्या, हव्या तेवढ्या लांबीचा ऑब्जेक्ट मिळतो, तो सेटऑब्जरिझल्टला द्यायचा. पडद्यावर जागा कमी असेल तर अपेंडलिमिटेडटूऑब्ज वापरा. ते मर्यादेपाशी कापतं आणि शेवटी टिंबं लावतं, बाइटच्या मध्ये तोडत नाही. व्यंजन आणि मात्रेची ताटातूट मात्र होऊ शकते, तेवढं ज्ञान त्याला नाही.

रिझल्ट फील्डला थेट हात लावायचा असेल तर ८.६ मध्ये त्यासाठी वेगळं मॅक्रो डिफाइन करावं लागतं. तुमच्या मेकफाइलमध्ये (बिल्डच्या सूचनांच्या फाइलीत) यूज_इंटर्प_रिझल्ट असं काहीतरी असणार. ते काढून बिल्ड करा. जिथे जिथे कंपायलर ओरडेल, ती तुमची यादी.

भोसरीचा_फिटर

आहे! मेकफाइलमध्ये आहे, वर शेरा मारलाय 'काढू नये'. कारण दिलेलं नाही.

सदाशिवपेठी_सेमीकोलन

आमच्याकडे असे शेरे जिन्यात लावतात. कारण विचारणाऱ्याचा अपमान करायची सोय असते.

नवशिकी_प्रिया

एक बाळबोध प्रश्न. मी कॉलेजच्या प्रोजेक्टमध्ये सी लायब्ररीच्या स्ट्रडपने कॉपी केली आणि सेटरिझल्टला डायनॅमिक सांगितलं. चालतंय. पण वर पेशवेपार्क काकांनी 'टिकलच्या ॲलोकेटरकडून' असं लिहिलंय. तो फरक किती महत्त्वाचा?

पेशवेपार्क

पुष्कळ महत्त्वाचा. डायनॅमिक म्हटलं की ते टिकलच्या फ्रीने सोडलं जातं, सी लायब्ररीच्या फ्रीने नव्हे. काही बिल्डमध्ये दोन्ही एकच असतात म्हणून चालून जातं. थ्रेडवाल्या (एकाच वेळी अनेक कामं समांतर चालवणाऱ्या) बिल्डमध्ये टिकलचा स्वतःचा ॲलोकेटर असतो, तिथे बाहेरून आणलेला तुकडा त्याच्या गळ्यात मारलात की घात. एकतर सीकेअलॉक (टिकलकडून मेमरी मागायची सोय) वापर, नाहीतर व्होलाटाइल म्हण आणि स्ट्रडपची प्रत तूच फ्री कर. आणि काका म्हटलंस ते चालेल, पण आजोबा म्हणायची वेळ आणू नकोस.

घोरपडीचा_गणू

यात अपेंडरिझल्टचं नाव कसं आलं नाही? तुकडे जोडून संदेश बनवायला तेच बरं. पण शेवटी नल (रिकामा पॉइंटर, यादी संपल्याची खूण) द्यायला विसरलात की ते स्टॅकवर पुढे जे दिसेल ते स्ट्रिंग समजून जोडत सुटतं. आणि नुसता शून्य देऊ नका. ६४ बिट मशीनवर इंट चार बाइटचा आणि पॉइंटर आठ बाइटचा, व्हेरिएबल आर्ग्युमेंटमध्ये कंपायलर बदलून देत नाही. कॅरेक्टर पॉइंटरला कास्ट केलेला नल द्यायचा.

दुसरी मेख. तुमच्या सी कमांडच्या आत जर इव्हॅल करून दुसरी स्क्रिप्ट चालवली असेल, तर तिचा निकाल तिथेच पडून असतो. त्यावर अपेंड केलं की आधी तिचा निकाल, मग तुमचा. अपेंडच्या आधी रिसेटरिझल्ट.

भोसरीचा_फिटर

थांबा, हे ओळखीचं आहे. आमच्याकडे चूक सापडली की सी मधून व्हेंटची स्क्रिप्ट चालवतात (दाब सोडायला) आणि मग एरर परत देतात. ऑपरेटरला कधीकधी संदेश म्हणून नुसतं '१' दिसतं.

घोरपडीचा_गणू

ते '१' म्हणजे व्हेंट स्क्रिप्टचा निकाल. तिने मूळ एरर पुसली.

मृगजळ

इथे रिसेट करून भागणार नाही, मूळ एरर जपायची आहे. इव्हॅलच्या आधी सेव्हइंटर्पस्टेट, नंतर रिस्टोअरइंटर्पस्टेट. निकालासकट एररइन्फो आणि एररकोडही परत येतात, आणि रिस्टोअर मूळ स्टेटस परत देतं तेच तुम्ही रिटर्न करायचं. जुनं सेव्हरिझल्ट वापरू नका, ते फक्त निकाल जपतं.

असंच गेटस्ट्रिंगरिझल्टचं. त्याने दिलेला पत्ता पुढचा इव्हॅल होईपर्यंतच खरा. हवा असेल तर आधी कॉपी.

लुआप्रेमी

टिकल ९ आलंच आहे ना, २०२४ मध्ये. सरळ त्यावर जा. तिथे हा सगळा राडा नाही असं वाचलं.

पेशवेपार्क

अर्धं खरं. ९ मध्ये सेटरिझल्टला काहीही सांगा, आत ऑब्जेक्ट बनवून कॉपीच होते. डायनॅमिक असेल तर कॉपी झाल्यावर तुमचा तुकडा सोडून देतात. म्हणजे फिटर यांचा स्टॅटिकवाला कचरा तिथे आपोआप गेला असता. पण रिझल्ट फील्डच उडवलंय, त्यामुळे थेट लिहिणाऱ्या कमांड कंपाइल होणार नाहीत. लांबीसाठी इंट घेणाऱ्या जागा टीसीएल_साइझ कराव्या लागतील. चालू लाइनवर एका गुरुवारात हे करू नये. आधी ८.६ वर स्वच्छ करा, मग ९ कडे बघा.

मृगजळ

यात पूर्ण सहमत. नोंद घ्यावी, असं वारंवार होत नाही.

खडकीचा_वाचक

मराठीचा विषय निघाला म्हणून: संदेश टिकल फाइलीत असतील तर ८.६ ची सोर्स (फाइल वाचून चालवायची कमांड) सिस्टिमचंच एन्कोडिंग धरते. हाताने चालवलं तर नीट दिसतं आणि मशीन चालू होताना सेवा म्हणून चालवलं की लोकेल (भाषेची सेटिंग) मिळत नाही, मग देवनागरीचं कडबोळं होतं. सोर्सला एन्कोडिंग यूटीएफ-८ स्पष्ट सांगा.

भोसरीचा_फिटर

उशिरा लिहितोय, हिंजवडीच्या गर्दीत अडकलो होतो. थ्रेडबद्दलही एक: सेन्सर वाचणारा वेगळा थ्रेड आहे आणि तो एका ठिकाणी स्वतःच सेटरिझल्ट करतो.

पेशवेपार्क

आधी तेच काढा, बाकी सगळं नंतर. इंटरप्रिटर ज्या थ्रेडने बनवला त्याचाच. दुसऱ्या थ्रेडने आकडा म्युटेक्समागे (एका वेळी एकालाच आत सोडणाऱ्या कुलपामागे) ठेवायचा किंवा थ्रेडक्यूइव्हेंटने पाठवायचा. निकाल लावायचं काम मूळ थ्रेडचं.

अर्धविराम

मूळ प्रश्न 'व्होलाटाइल की ऑब्जेक्ट' होता. पाच मैल पुढे आलोय. फिटर यांनी या गुरुवारी काय करावं ते कोणी सांगेल का?

मृगजळ

मी असं करीन. थ्रेड आणि थेट लिहिणं या दोन गोष्टी आधी, कारण त्या मेमरी बिघडवतात. थेट लिहिणाऱ्या जागी ऑब्जप्रिंटएफ. मग लोकल ॲरे असलेले स्टॅटिक या गुरुवारपुरते व्होलाटाइल, एका शब्दाचा बदल आहे, पेशवेपार्क खूश. कोटेशनमधल्या ठरीव स्ट्रिंगना स्टॅटिक असेल तर हातही लावू नका, ते बरोबरच आहे. आकडे देणाऱ्या कमांड सावकाश, एकेक करून ऑब्जेक्टवर. आणि घरी टिकल मेमरी-डीबग लावून बिल्ड करून ठेवा. त्यात सोडलेली मेमरी सोळाआकडी ६१ ने भरली जाते, सोडलेला ऑब्जेक्ट कोणी परत वापरला की तिथेच पॅनिक होऊन (प्रोग्राम मुद्दाम थांबून) फाइल आणि ओळ कळते.

पेशवेपार्क

खूश वगैरे नाही, पण यादीला हरकत नाही.

भोसरीचा_फिटर

गुरुवार झाला. थ्रेडमधला सेटरिझल्ट काढला. मॅक्रो काढल्यावर कंपायलरने दाखवलेल्या सगळ्या जागा ऑब्जप्रिंटएफवर नेल्या. स्टॅटिक तपासून बदलले, व्हेंटच्या भोवती सेव्ह-रिस्टोअर घातलं. लांब मराठी संदेश मुद्दाम पुन्हापुन्हा दाखवून बघितले, पडला नाही.

मेमरी-डीबग बिल्डमध्ये मात्र एक कमांड पॅनिक करते. बॅच नंबर देणारी. ती आधीपासूनच ऑब्जेक्टवर होती: न्यूस्ट्रिंगऑब्ज, सेटऑब्जरिझल्ट, आणि पुढच्या ओळीत डिक्ररेफकाउंट.

मृगजळ

इन्क्र कुठे केलंय का त्याआधी?

भोसरीचा_फिटर

नाही.

मृगजळ

मग ती डिक्रची ओळ काढा. इंटरप्रिटरचा एकुलता एक काउंट तिने उडवला आणि निकाल हातात असतानाच सोडून दिला.

पेशवेपार्क

इन्क्र आणि डिक्रबद्दल मी वर काय लिहिलं होतं ते कोणीतरी शोधून काढा.

भोसरीचा_फिटर

काढली, पॅनिक गेलं. उद्या पहिल्या शिफ्टला नवीन बिल्ड एकाच बेंचवर टाकतोय, बाकीचे जुन्यावरच. 'काढू नये' हा शेरा मेकफाइलमधून काढावा की नाही यावर सुपरवायझरशी चर्चा चालू आहे.